दोन पिकअप आणि इंदूबाईंची म्हैस

"मेश्राम साहेब, आता तुमीच सांगा! कोणती गाडी घ्याची?"

भोयर साहेबांनी हे मला नाल्याच्या त्या काठावरून ओरडून विचारलं. ते घोट्याच्या वर चिखलात उभे होते आणि त्यांची एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली होती. त्यांच्या मागे पांढरी पिकअप मागच्या चाकांवर बसली होती, थकलेला बैल बसतो तशी. मी नाल्याच्या या काठावर, करड्या पिकअपजवळ. माझ्या गाडीनं नाला ओलांडला होता, त्यांची फसली होती. निकाल लागल्यासारखा दिसत होता. मीही मनातल्या मनात तो लावून टाकला होता.

आधी मी तिथं काय करत होतो ते सांगतो.

मी मोटार सर्व्हेअर आहे. राहायला वर्ध्याला, बोरगाव मेघेत. गाडीचा अपघात झाला आणि इन्शुरन्सचा क्लेम लागला की कंपनी मला पाठवते. काय मोडलं, कशानं मोडलं, दुरुस्त होईल की भंगारात जाईल, हे मी रिपोर्टात देतो. म्हणजे आयुष्यभर गाड्या बघितल्या त्या मोडल्यावर. विकत घेण्याआधी गाडी बघून द्या असं कोणी म्हटलं की मला अवघडल्यासारखं होतं. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरला सोयरिकीला मुलगी पाहायला नेल्यासारखं.

पण भोयर साहेब जुने ओळखीचे. बँकेतून रिटायर झाल्यावर ते एका लहानशा ट्रस्टचे सचिव झाले. हा ट्रस्ट समुद्रपूर तालुक्यात जनावरांचा दवाखाना चालवतो, आणि दवाखान्याची गाडी गावोगावी जाऊन उपचार करते. जुनी जीप थकली होती. एका देणगीदारानं नव्या गाडीसाठी रक्कम दिली. गाडी मात्र एकच घ्यायची होती, आणि ती पुढची दहा-बारा वर्षं चालवायची होती.

कोणती घ्यायची यावर भोयर साहेब आणि दवाखान्याच्या डॉक्टर अर्चना ठाकरे यांचं जमत नव्हतं.

भोयर साहेबांना हवी होती पांढरी. साधी सिंगल केबिन, म्हणजे पुढे ड्रायव्हर आणि शेजारी दोन माणसं, मागे लांबलचक डाला, म्हणजे माल ठेवायचा उघडा हौदा. इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना. कुठल्याही तालुक्याला मेकॅनिक मिळतो, पार्ट मिळतात.

डॉक्टरांना हवी होती करडी. डबल केबिन, पाच माणसं बसतात, मागे आखूड डाला. ही फोर बाय फोर, म्हणजे गरज पडली की चारही चाकांना जोर. उंच, दणकट, आणि दिसायलाही देखणी. हिच्या किमतीत जवळपास दोन पांढऱ्या आल्या असत्या.

"एका गाडीपायी दोन गाड्या सोडून द्याच्या, काऊन?" भोयर साहेब मला ट्रस्टच्या ऑफिसात म्हणाले होते. "लोकाच्या देणगीचा पैसा हाये. उद्या कोणी विचारलं, तं काय सांगू? मॅडमले एसीची गाडी पायजे होती म्हणून घेतली?"

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "एसी काढून टाका, मला चालेल. मागच्या पावसाळ्यात गिरडच्या पलीकडच्या गावांतून फोन आले आणि मी जाऊ शकले नाही. फोनवर औषधं सांगत बसले. जनावरं गेली. लोक काही बोलले नाहीत. पण मला ते दिसतं ना."

यावर भोयर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणून तं तुमाले बोलावलं, मेश्राम साहेब. तुमी तिसरे."

मी म्हटलं, दोन्ही गाड्या डेमोला मागवा. ब्रोशर वाचून मी सल्ला देत नाही. जिथं चालवायची तिथं चालवून बघू.

पोळ्यानंतरचे दिवस होते. पाऊस उघडला होता, पण जमीन आतून भिजलेली. गाडी तपासायला हीच वेळ योग्य. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगड असते आणि भिजली की कणकेसारखी होते. टायरच्या खाचांमध्ये ती भरून बसते. खाच भरली की टायर गुळगुळीत झाला, मग तो कितीही महाग असो.

पांढरी गाडी दवाखान्याचे ड्रायव्हर रफीकभाई चालवत होते, शेजारी भोयर साहेब. करडी मी चालवत होतो. माझ्याबरोबर डॉक्टर, आणि मागच्या सीटवर शोरूमचे सेल्स मॅनेजर कुबडे. कुबडे चांगला माणूस. पण चिखल दिसला की श्वास रोखून धरायचा, आणि झुडूप गाडीला घासलं की "सर, स्क्रॅच" म्हणायचा.

सकाळभर आम्ही गिरडच्या टेकडीच्या आसपासचे रस्ते पालथे घातले. मुरमाच्या चढावर पांढरी मागून घसरायची, करडी सरळ चढायची. खड्ड्यातून जाताना पांढरीचं पोट घासायचं. करडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची मोकळी जागा, बराच जास्त. पांढरी रिकामी असताना इतकी उडायची की भोयर साहेब खिडकीवरचा दांडा धरून बसले होते. एका ठिकाणी उतरल्यावर ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "गाडी चांगलीच हाये. माह्या पाठीलेच आराम पायजे."

दुपारी डॉक्टरांचा फोन वाजला. पलीकडून एक बाई इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की गाडीतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं.

"डॉक्टरीणबाई, मी इंदू बोलून राह्यली! म्हैस सकाळपासून कळा देऊन राह्यली, पण काहीच पुढं सरकून नाई राह्यलं. तुमी येता का कसं?"

डॉक्टरांनी दोन-तीन प्रश्न विचारले. फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "गर्भपिशवीला पीळ पडला असावा. इथून जवळच आहे, पण रस्ता पांदणीचा आहे. मध्ये नाला."

ट्रायल तिथंच संपली. पुढचं खरं काम होतं.

पांदण म्हणजे दोन शेतांच्या मधला गाडीरस्ता. इंदूबाईंच्या पांदणीत बैलगाडीच्या दोन खोल चाकोऱ्या आणि त्यात पाणी. पुढे नाला, आणि नाल्यावर दगडांचा रपटा, म्हणजे पाण्याच्या पातळीवरचा बुटका पूल. त्याची एक कड वाहून गेली होती. मी लो रेंज लावली. लो रेंज म्हणजे पहिल्या गिअरच्याही खालचा गिअर. गाडी बैलाच्या चालीनं चालते, पण चाकांवर जोर कितीतरी वाढतो. करडी हळूहळू उतरली, रपट्यावरून गेली, पलीकडे चढली. कुबडे मागून म्हणाले, "बघा सर!" आणि पहिल्यांदा हसले.

पांढरी नाल्यापर्यंतही आली नाही. अलीकडच्या उतारावर तिचं मागचं डावं चाक चाकोरीत गेलं आणि जागीच गरगर फिरू लागलं. उजवं चाक बऱ्यापैकी घट्ट जमिनीवर होतं, पण ते हलेना. हे डिफरन्शियलमुळे होतं. मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो गोळा दिसतो, तो डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, म्हणून तो दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतो. रस्त्यावर हा गुण, चिखलात अवगुण. ज्या चाकाला पकड नाही, तेच फिरत राहतं.

रफीकभाईंनी ॲक्सिलरेटर सोडला, खाली उतरून बघितलं आणि म्हणाले, "अब नाई निकलती, साहेब." तेव्हाच भोयर साहेबांनी तो प्रश्न ओरडून विचारला होता.

उत्तर द्यायला वेळ नव्हता. डॉक्टर बॅग घेऊन गोठ्याकडे निघाल्या होत्या. आम्ही त्यांच्या मागे गेलो. भोयर साहेब आणि रफीकभाई रपट्यावरून चालत आले.

इंदूबाई पन्नाशीच्या. नवरा पुलगावला कामाला, तो शनिवार-रविवारी येतो. शेत आणि दोन म्हशी त्या एकट्या बघतात. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "एवढे सारे माणसं? बरं झालं. लागतीन."

खरोखर लागलो. पिशवीला पीळ पडला असेल तर जनावराला आडवं पाडून, पोटावर फळी ठेवून, हळूहळू पालथं लोळवतात. फळी पिशवीला जागेवर धरून ठेवते, अंग फिरतं आणि पीळ सुटतो. डॉक्टर फळीवर पाय देऊन सूचना देत होत्या, आम्ही चौघं पाय ओढत होतो. देखण्या शर्टातले कुबडे शेपटीकडच्या बाजूला होते. त्यांचं मी तपशिलात सांगत नाही.

तीनदा लोळवलं. डॉक्टरांनी दर वेळी हात घालून तपासलं. तिसऱ्यांदा त्यांनी मान हलवली.

"सुटत नाही, इंदूताई. पोट उघडावं लागेल. इथं उघड्यावर नको, माती-पाणी आहे. दवाखान्यात न्यायला हवी. आत्ताच."

इंदूबाईंनी म्हशीच्या कपाळावर हात ठेवला. "मंग न्या ना. गाडी तं उभी हाये."

आम्ही सगळ्यांनी करड्या गाडीकडे बघितलं.

मी टेप घेऊन मोजलं नाही. त्याची गरजच नव्हती. चार दारं आणि पाच सीटं असलेल्या गाडीला मागे डाला उरतो तो मोटारसायकल मावेल एवढा, तीही तिरपी. गाभण म्हैस त्यात उभी राहणार नाही, बसणार तर नाहीच. शिवाय डाला माझ्या कमरेच्या वर. ज्या उंचीनं गाडी नाल्यातून निघाली, तीच उंची आता भिंतीसारखी उभी होती. डाल्याची लांबी मी ब्रोशरमध्ये वाचली होती. पण सकाळपासून मी चढ बघत होतो, चाकं बघत होतो, गाडीचं पोट बघत होतो. गाडी पोचते की नाही, एवढंच बघत होतो.

ही गाडी मागितली होती डॉक्टरांनीच. त्यांचा चेहरा मला बघवेना.

भोयर साहेबांना "बघा, मी म्हणत होतो" म्हणायची ही संधी होती. त्यांनी ती घेतली नाही. एवढंच म्हणाले, "डाला आपल्या गाडीचा लांब हाये. पण ते तं तिकडं फसली."

"मग तिला इकडे आणू," मी म्हटलं. "ही गाडी तिला ओढेल."

कुबडे एकदम पुढे आले. "सर, नाही. डेमो गाडी आहे. टोचन अलाऊड नाही. काही झालं तर इन्शुरन्स पण देणार नाही."

टोचन म्हणजे एका गाडीनं दुसरीला ओढणं. कुबड्यांचं चुकत नव्हतं, आणि हे माझ्याइतकं तिथं कुणालाच माहीत नव्हतं. अशाच कारणांवर बोट ठेवून मी लोकांचे क्लेम अडवलेले आहेत. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वाकली, गिअरबॉक्स गेला, की सर्व्हेअर पहिला प्रश्न विचारतो: गाडी काय कामाला लावली होती?

इंदूबाई कुबड्यांना म्हणाल्या, "भाऊ, तुमची गाडी डेमो असंन. माही म्हैस डेमो नाई ना."

मी कुबड्यांना म्हटलं, "मोबाईल काढा. रेकॉर्ड करा." आणि त्यात बोललो: माझं नाव, माझा धंदा, गाडी मी चालवतोय, टोचन माझ्या निर्णयानं होतंय, काही मोडलं तर मी भरून देईन. बोलताना आवाज नीट होता. पण गाडीकडे चालत जाताना बायकोला हे कसं सांगायचं याचा मी विचार करत होतो.

भोयर साहेब तोवर दोर घेऊन करड्या गाडीच्या मागच्या बंपरला गाठ मारत होते. मी त्यांना थांबवलं. बंपर ही शोभेची वस्तू आहे. टोचन चासीच्या हुकालाच लावायचं, नाहीतर बंपर उपटून येतो आणि काच फोडून माणसाला लागतो. अशी एक केस मी बघितली आहे. कुबड्यांनी न सांगता सीटखालून रुंद पट्टा काढून दिला. तो गाडीबरोबर येतो म्हणे. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला.

करडी पुन्हा रपट्यावर नेली, पट्टा बांधला, आणि ओढलं. करडीच घसरली. चारही चाकं फिरली, गाडी तिरपी होऊन वाहून गेलेल्या कडेकडे सरकली. मी पाय काढून घेतला.

"थांबा," रफीकभाई म्हणाले. "चाकाखाली काही टाकू."

मी उतरून चारही टायरमधली थोडी थोडी हवा सोडली. हवा कमी झाली की टायर पसरतो, जास्त जमीन धरतो. इंदूबाईंनी गोठ्यामागची पऱ्हाटी दाखवली, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. वर्षभराचं सरपण ते.

"सारी नेली तं चुलीत काय घालान?" भोयर साहेबांनी विचारलं.

"गॅस हाये जी माह्याकडं," इंदूबाई म्हणाल्या. "उचला आता."

आम्ही भारेच्या भारे दोन्ही गाड्यांच्या चाकांखाली अंथरले. दुसऱ्या वेळी मी झटका दिला नाही. पट्टा ताणला जाईपर्यंत गाडी रांगत नेली आणि तोच वेग धरून ठेवला. चाकाखाली पऱ्हाटी कडाकडा मोडली. आरशात पांढऱ्या गाडीचं नाक हललं, खाली गेलं, वर आलं. ती निघाली.

गोठ्याजवळच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या उंच बांधाला, तिची मागची बाजू टेकवली. धुरा आणि डाला जवळजवळ एका पातळीत आले. डाल्यात कडबा टाकला. म्हैस थकली होती, पण इंदूबाई पुढे होऊन "ये माय, ये" म्हणत गेल्या आणि ती त्यांच्यामागे डाल्यात चढली. इंदूबाई तिथंच तिच्या तोंडाशी बसल्या. उतरायला तयार होईनात.

परतीच्या वेळी मी करडी पुढे ठेवली आणि पट्टा बांधलेलाच ठेवला. मला वाटलं होतं, आता वजन वाढलं, आता खरी ओढाताण. रपटा उतरलो, चढ लागला. मी पट्ट्याच्या ताणाची वाट बघत होतो. ताण आलाच नाही. आरशात बघितलं तर पट्टा मधे झोळीसारखा लोंबत होता. पांढरी स्वतःच्या चाकांनी चढत होती.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मालाच्या पिकअपच्या मागच्या कमानी, म्हणजे स्प्रिंग, ओझ्यासाठी बनवलेल्या असतात. रिकामी असताना मागची बाजू हलकी, चाकांवर भार नाही, म्हणून ती उडते आणि घसरते. म्हैस चढली तशा कमानी बसल्या आणि चाकांनी पऱ्हाटीवर जमीन धरली. सकाळपासून तपासली ती रिकामी गाडी. दवाखान्याची गाडी परतताना रिकामी नसते.

दवाखान्यात डॉक्टरांनी दिवस मावळायच्या आत ऑपरेशन केलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. कुबडे गाडी पुसत होते, ती धुवायलाच हवी होती तरी. करड्या गाडीचं काही मोडलं नव्हतं. एका दाराला ओरखडा होता. कुबड्यांनी तो मला दाखवला आणि म्हणाले, "हा सकाळचा आहे, सर." तो सकाळचा होता का, मला आजही माहीत नाही.

डॉक्टर बाहेर आल्या. "म्हैस ठीक आहे. रेडकू आधीच गेलेलं होतं."

"वगार होती का हेला?" इंदूबाईंनी विचारलं. म्हणजे मादी की नर.

"वगार."

वगार म्हणजे उद्याची म्हैस. इंदूबाई पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "माय तं वाचली. आन बाई, तुमी आल्या. मागच्या पावसात फोनच आलता, तुमी नोत्या आल्या."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. डॉक्टर तरीही आत निघून गेल्या.

ट्रस्टच्या बैठकीत मी सांगितलं की दोन्हींपैकी एकही गाडी घेऊ नका. करडी पोचते पण आणत नाही. पांढरी आणते पण पोचत नाही. पांढऱ्या गाडीच्याच कंपनीची, त्याच लांब डाल्याची, फोर बाय फोर मिळणारी गाडी येते. दिसायला तशीच साधी, एसी नाही. किंमत दोन्हींच्या मधली, पांढरीला जास्त जवळची. वाचलेल्या पैशात चिखलाचे टायर, टोचनचा पट्टा, आणि जनावर चढवायला लोखंडी रॅम्प करून घ्या.

"म्हणजे मॅडमचं बी खरं, माहं बी खरं," भोयर साहेब म्हणाले.

"दोघांचंही अर्धं," मी म्हटलं. "माझं तर तेवढंही नव्हतं. नाल्यावर तुम्ही विचारलंत तेव्हा मी करडी म्हणणार होतो."

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "मी तर म्हटलंच होतं."

ती गाडी त्या शोरूममध्ये नव्हती. त्यांनी सांगितलं, हे मॉडेल शहरात कोणी मागत नाही, म्हणून कोणी ठेवत नाही. ऑर्डर देऊन थांबावं लागलं. भोयर साहेब रोज फोन करायचे. दिवाळीनंतर गाडी आली. पुढच्या पावसाळ्यात डॉक्टर गिरडच्या पलीकडच्या गावांना गेल्या. गाडी दोनदा फसली, दोन्ही वेळा ट्रॅक्टरनं काढली. पण तिसऱ्यांदा, चौथ्यांदा आणि त्यानंतर ती जाऊन आली, आणि आली ती जनावर घेऊन.

आता कोणी मला गाडीबद्दल सल्ला विचारला की मी इंजिन, मायलेज, टायर यातलं काहीच आधी बोलत नाही. आधी विचारतो, मागे काय भरणार? बहुतेकांना हा प्रश्न आवडत नाही. त्यांनी रंग आधीच ठरवलेला असतो.